वाट पाहून राह्यली

वच्छलाबाईला घरात बसवून ठेवणं म्हणजे मांजरावर टोपली पालथी घालणं. मांजर दिसत नाही, पण टोपली सारखी हलत राहते. माघात तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि लेकानं, हेमराजनं, तिला उमरझऱ्याहून उचलून वर्ध्याच्या नालवाडीतल्या आपल्या घरी आणलं. डॉक्टरनं बजावलं होतं की वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, काळा चष्मा उतरवायचा नाही. बसून राहा असं काही तो म्हणाला नव्हता. म्हणून वच्छलाबाई उभी राहायची. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात.

"आई, फरशी झिजते न," सून म्हणायची. सपना तिचं नाव. एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला, बोलायला मोकळी.

"झिजली त सारवून देईन शेणानं," वच्छलाबाई म्हणायची आणि पुन्हा गॅलरीकडं वळायची.

गॅलरीतून काय दिसत होतं? समोरच्याची पाण्याची टाकी आणि वायरीवर बसलेला एक कावळा. डोंगर कुठून दिसणार! आणि तिचा सगळा जीव डोंगरावर. शिवरात्र तोंडावर आली होती आणि वाट अजून पाहायची होती.

आता हे वाट पाहणं म्हणजे काय, ते उमरझऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगावं लागतं. गावामागं झेंडी टेकडी आहे. वर एका दगडाला शेंदूर फासलेला, तोच महादेव. शिवरात्रीला आजूबाजूच्या गावच्या बाया वर चढतात. थंडी सरायला लागली की डोंगर अंगावरचं सगळं उतरवून टाकतो. सागाची पानं, एकेक सुपाएवढं, वाटेवर पडतात, वाळतात आणि पापडासारखी वाजतात. वाजतात तर वाजोत, पण त्यांच्याखाली पावसाळ्यानं सोडलेला मुरूम असतो, पोरांच्या गोट्यांसारखा. वरून पान, खालून गोटी, मधे बाईचा पाय. दरसाल एखादी तरी बाई महादेवाकडं निघते आणि बसल्या बसल्या घराकडं येते. कुसळ लुगड्यात शिरतं ते होळी झाली तरी टोचत राहतं. कुठं दगड सैल झालेला असतो, कुठं रानडुकरानं वाट उकरून ठेवलेली असते, कुठं कपारीत आग्या मोहोळ येऊन बसलेलं असतं. हे सगळं आधी कोणीतरी जाऊन पाहायचं. त्यालाच उमरझऱ्यात वाट पाहणं म्हणतात. वच्छलाबाईची सासू पाहायची, तिच्यानंतर वच्छलाबाई.

पाहायचीही रीत आहे. हातात खराटा घ्यायचा, चढताना वाटेचं उजवं अंग झाडत जायचं, उतरताना दुसरं. दोन्ही अंगं झाडलेली दिसली म्हणजे पाहणारी बाई वरपर्यंत जाऊन, सगळं नीट बघून, धडधाकट खाली आली. मग बाकीच्यांनी खुशाल चढावं.

यंदा हे काम धाकट्या जावेनं, आनंदाबाईनं, अंगावर घेतलं. वच्छलाबाईला ते मिरचीसारखं झोंबत होतं.

"तुले मोहोळ दिसन का वं?" तिनं फोनवर विचारलं होतं. "तू त पायाखाली पाहून चालते."

"अन् तू आभाळाकडं पाहून चालते, म्हणून त डोळे गेले तुये," आनंदाबाई म्हणाली. "चष्मा लावून बस चुपचाप. मी पाहीन वाट."

दोघी जावांचं असंच. एका ताटात जेवतील आणि एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवतील.

नालवाडीच्या मैदानावर पहाटे चालायला जाणाऱ्या बायांचा एक घोळका होता. सपना त्यातलीच. घोळक्याची म्होरकी माधवीताई, बँकेतून रिटायर झालेली, पण आवाज अजून काउंटरच्या मागचाच. तिनं ठरवलं की मैदानाला चकरा मारून कंटाळा आला, आता एखादी टेकडी चढू. ऊन तापायच्या आत, शिवरात्रीची गर्दी व्हायच्या आत. सपना बोलून गेली, आमच्या गावी आहे की टेकडी. झालं. रविवार ठरला. माधवीताई शनिवारी घरी आली आणि थेट वच्छलाबाईसमोर बसली.

"मावशी, वाट कशी आहे वरची?"

"कोन जाणे," वच्छलाबाई म्हणाली.

"म्हणजे? तुमचा तर जन्म गेला म्हणतात त्या वाटेवर."

"मागच्या सालची सांगू शकते. यंदाची मी पाह्यली नाई. न पाह्यल्या वाटेबद्दल मी बोलत नाई, बाई. उद्या सकाळी आनंदाले फोन लावून विचारून देईन. तुमी येऊन राह्यल्या तेही तिले सांगीन."

माधवीताईला ते पटलं. निदान पटल्यासारखं दाखवून तिनं चहा संपवला.

रविवारी उजाडताच बाया खाली गाडीशी जमल्या. सपना बुटाच्या नाड्या बांधत होती. वच्छलाबाईनं आनंदाबाईला फोन लावला, तर उचलला गजेंद्रनं. गजेंद्र म्हणजे आनंदाबाईचा लेक, टेकडीच्या पायथ्याशी त्याचं चहाचं दुकान.

"आई फोन घरीच ठेवून गेली, मोठ्याई," तो म्हणाला. मागं चहाचं भांडं उतू जात असल्याचा आवाज. "अंधारातच गेली न ते. वर वाट पाहून राह्यली."

एवढंच तो म्हणाला आणि भांड्याकडं धावला. फोन बंद.

वच्छलाबाईचा जीव हरखला. म्हणजे हेमराजनं आनंदाला आधीच सांगितलेलं दिसतं. आणि बघा कशी आहे ही आनंदा, तोंडानं कडू, पण सून यायची म्हणून अंधारातच वर जाऊन बसली! तिनं गॅलरीतून खाली हाक मारली, "अवं, जा बाप्पा लवकर! आनंदा वर वाट पाहून राह्यली तुमची!"

गाडीची दारं धडाधड लागली. बाया गेल्या.

त्यानंतर वच्छलाबाईनं मेथी निवडायला घेतली. हेमराज पेपर वाचत होता. मेथी अर्धी झाली आणि तिच्या मनात उगाच काहीतरी टोचायला लागलं, कुसळासारखं. दिसत नाही आणि निघतही नाही. ती उठली, गॅलरीत गेली, परत आली. देठ भाजीत पडायला लागले आणि पानं कचऱ्यात.

"हेमराज, तू आनंदाले कवा सांगतलं रे?"

"काय?"

"का सपना येऊन राह्यली म्हणून."

"मी कायले सांगीन? तूच सांगणार होती न सकाळी."

वच्छलाबाईच्या हातातली मेथी खाली पडली. हेमराजनं सांगितलं नाही. तिनं स्वतः सांगितलं नाही. सपनाकडं तर आनंदाचा नंबरच नव्हता. म्हणजे या बाया येणार हे आनंदाच्या गावीही नाही. मग ती वर कोणाची वाट पाहील? कोणाचीच नाही. ती नुसती वाट पाहत होती. दगड, पानं, मोहोळ. उभा जन्म ज्या बोलाचा एकच अर्थ तिला ठाऊक, तो बोल आज तिनं वर्धेकरणीसारखा ऐकला आणि वर पदरचं 'तुमची' लावून दिलं. गजेंद्र बिचारा 'तुमची' म्हणालाच नव्हता.

"लाव, सपनाले फोन लाव!"

सपनाचा फोन लागेना. माधवीताईचाही नाही. टेकडीच्या अंगाला गेलं की फोन मुकेच होतात. गजेंद्रचा लागला.

"हाव, आल्या न त्या," तो म्हणाला. "चहा पेल्या अन् वर गेल्या आत्ताच. मस्त झाडली हाये वाट, मोठ्याई, पायाले पान लागत नाई."

"दोन्ही अंगानं?"

गजेंद्र म्हणाला, "ते मी पाह्यलं नाई."

"आनंदा खाली उतरली का?"

"नाई अजून."

"मंग जाय नं वर, दुकानात काय उभा राह्यला! थांबव त्याईले!"

"जातो," तो म्हणाला. पण त्याच्या 'जातो'त आधी चहाचं भांडं उतरवणं, मग गिऱ्हाईक वाटेला लावणं आणि मग चप्पल शोधणं, एवढं सगळं असतं हे वच्छलाबाईला पक्कं माहीत होतं.

ती पदर खोचून दारात उभी राहिली. "काढ गाडी."

"आई, डॉक्टर काय म्हणाला? धूळ नको, वाकायचं नाई..."

"मी कुठं वाकून राह्यली? गाडीवर काय वाकून बसते माणूस? काढ!"

हेमराजनं मोटरसायकल काढली. मागं वच्छलाबाई, नाकावर काळा चष्मा, डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळलेला. रस्त्यातली पोरं हात करून हसली. एरवी तिनं गाडी थांबवून त्यांची हजेरी घेतली असती. आज तिला काहीच दिसत नव्हतं. दोन्हीकडं पळस फुलले होते, पण चष्म्यातून ते करपलेल्या चटणीसारखे दिसले. हरभरा निघालेली वावरं मागं जात होती आणि तिला वाटत होतं, गाडी जागीच उभी आहे, वावरंच तेवढी पळताहेत.

"जोरानं हाण."

"हाणूनच राह्यलो न, आई."

"सायकल चालवते जसा."

मनात तिच्या एकसारखी सपनाच येत होती. लग्न होऊन आली तेव्हा चुलीच्या धुरानं रडायची. मुरमावर कसं चालायचं ते तिला कोण शिकवणार? आणि कोणी बोलावलं म्हटलं की मधे न थांबता जाणारी पोरगी. वर कोणी वाट पाहतंय म्हटल्यावर ती कशाला दम खायला टेकेल!

पायथ्याशी माधवीताईची गाडी झाडाखाली उभी होती. दुकान बंद होतं, म्हणजे गजेंद्र एकदाचा गेला. वच्छलाबाई वाटेच्या तोंडाशी गेली आणि डॉक्टरला न विचारता वाकली. उजवं अंग लख्ख झाडलेलं. डाव्या अंगाला पानं जशीच्या तशी. आणि झाडलेल्या मातीवर बुटांचे ठसे, नवेकोरे, नक्षीदार.

"अर्धी पाह्यलेली वाट हाये हे," ती म्हणाली आणि चढायलाच लागली.

एक डोळा ऑपरेशनचा, दुसऱ्यात मोतीबिंदू. खड्डा कुठं आणि सावली कुठं, ते पायच ठरवत होते. हेमराज तिचा दंड धरून मागं. ती घसरली, त्यानं सावरलं, ती त्याच्यावरच ओरडली. वळण आलं, कोरडा नाला आला. तिथं ती थांबली आणि मान वर केली. वरून आवाज येत होता. दूर कुठंतरी दळण चाललं असावं तसा.

"आई, काय हाये?"

"उंबरठ्यावर मोहोळ बसलं," ती म्हणाली.

उंबरठा म्हणजे निम्म्यावरची जागा. दोन्हीकडून कातळ जवळ येतो, मधे एक आडवा दगड असतो, तो पाय उचलून ओलांडावा लागतो, आणि डोक्यावर कपार झुकलेली. तिथं आग्या माशा बसल्या तर खालून जाणाऱ्यानं श्वाससुद्धा दबकत घ्यावा. आणि या तर अंगाला वासाचं काहीबाही फासून, हसत, फोटो काढत गेलेल्या.

तेवढ्यात पानं कडाडली. पहिली आली काजल, घोळक्यातली सगळ्यात लहान, ओढणी डोक्यावर, तोंडानं नुसतं "आई गं, आई गं." तिच्यामागं दोघी हात धरून. मग माधवीताई, बसल्या बसल्या, मुरमावरून घरंगळत, पण हातातली पर्स सुटलेली नाही. शेवटी गजेंद्र, सगळ्यांना पुढं ढकलत.

"सपना?" वच्छलाबाईनं विचारलं. "माही सपना कुठं हाये?"

सगळ्या मागं बघायला लागल्या. काजल रडत म्हणाली, "ती आली नाही. माश्या उठल्या तेव्हा आम्ही खाली पळालो, ती वर गेली. मी ओढत होते तिला, पण ती म्हणाली, काकू वर बसल्या आहेत, आपली वाट पाहत, त्यांना कोण सांगणार?"

वच्छलाबाईनं हेमराजचा हात सोडला. काही बोलायला लागलं नाही, तो उड्या मारत वर गेला, गजेंद्र त्याच्यामागं. ती नाल्यातल्या दगडावर बसली. तिचा उजवा पाय आपोआप हलायला लागला. टाच दगडावर, ठक, ठक, ठक. माधवीताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला तो तिला कळलाही नाही. एकच शब्द तिनं जास्तीचा लावला होता, आणि तोच शब्द धरून पोरगी माशांत शिरली होती. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर ओठावर येत नव्हतं. येत होतं ते नुसतं 'तुमची, तुमची'.

किती वेळ गेला ते तिला सांगता येणार नाही. पानं वाजली, या वेळी सावकाश. आधी हेमराज दिसला, मग गजेंद्र, आणि त्यांच्या मधे एक भलंमोठं चवाळं, जाडंभरडं पांघरायचं कापड, चालत येत होतं. चवाळ्याखाली चार पाय. दोन अनवाणी, दोन बुटातले.

चवाळं बाजूला झालं. आनंदाबाईचे केस पिंजारलेले, मानेवर डंखाच्या दोनचार गांधी. आणि तिच्या कुशीत सपना. तोंड असं सुजलेलं की नाक कुठं ते शोधावं लागत होतं.

"मी पश्चिमेच्या अंगानं दुसरी वाट पाहाले गेलती," आनंदाबाई धापा टाकत म्हणाली. "मोहोळ दिसलं म्हणून तिकडून उतरून राह्यली होती. खाली येऊन इथं काटेरी फांदी आडवी टाकणार होती. त हे पोरगी ओरडून राह्यली, काकू पळा, काकू पळा! मले वाटलं कोन मरून राह्यलं. आली धावत. चवाळं टाकलं अन् दोघी पानात पालथ्या पडलो, मेल्यासारख्या."

वच्छलाबाई सपनाच्या तोंडावरून हात फिरवायला गेली आणि मधेच थांबली. जिथं हात ठेवावा तिथं काटा होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं इंजेक्शनं दिली, काटे काढले आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत श्वासाकडं लक्ष ठेवा, धाप लागली तर लगेच आणा. माधवीताईच्या गाडीनं बाकीच्या नालवाडीला गेल्या. सपना मात्र म्हणाली, हे तोंड घेऊन मी कॉलनीत पाऊल टाकणार नाही. म्हणून ती आनंदाबाईच्या पडवीत खाटेवर, आणि खाटेच्या बाजूला स्टुलावर वच्छलाबाई. तिचं काम एकच, श्वास ऐकणं. पाय मात्र हलतच होता.

"काकू," सपना सुजल्या ओठांनी म्हणाली, "तुम्ही आमची वाट पाहत होत्या न?"

"मी?" आनंदाबाईनं हात नाचवले. "मले कोनं सांगतलं तुमी येऊन राह्यल्या म्हणून? मी कायची पाहीन तुमची वाट! मी डोंगराची वाट पाहून राह्यली होती."

गजेंद्र छताकडं बघायला लागला.

"'तुमची' मी लावलं," वच्छलाबाई म्हणाली. "गजेंद्र एवढंच म्हणाला का वाट पाहून राह्यली. बाकीचं माह्या घरचं."

"घ्या!" आनंदाबाई म्हणाली. "पंधरा दिवस शहरात काय राह्यली, अन् हिले आपली बोली समजत नाई आता! पुढच्या महिन्यात म्हणन, आनंदा, हे गाय काय असते वं?"

एरवी वच्छलाबाईनं याचं व्याजासकट उत्तर दिलं असतं. आज तिनं मान खाली घातली. ते बघून आनंदाबाईच घाबरली आणि उगाच भांडी घासायला उठली.

सपनाच्या डोळ्यांच्या जागी दोन चिरा, त्यातून ती कुठं बघते आहे ते कळत नव्हतं. रागावली आहे का, झोपली आहे का? वच्छलाबाई वाकून श्वास ऐकायची, मागं व्हायची, पुन्हा वाकायची. डॉक्टरनं वाकू नको म्हटलेलं त्या दिवशी इतक्यांदा मोडलं की हेमराजनं टोकणंही सोडलं.

ऊन उतरायला लागलं. श्वास सरळ होता. मग सपनानंच तोंड उघडलं.

"पण मग शिवरात्रीला बाया जाणार कुठून?"

"पश्चिमेच्या अंगानं," आनंदाबाई आतून म्हणाली. "पाह्यली न मी. बरी हाये वाट."

"बरी?" वच्छलाबाईची मान वर आली. "तिकडं त चिकणा कातळ हाये. बाया का शेळ्या हायेत?"

"तू पाह्यली का यंदा? नाई न? न पाह्यल्या वाटेबद्दल तू बोलत नाई न?"

"मी तीस साल पाह्यली ते वाट!"

"तीस साल पाह्यली अन् आज सुनेले माशाच्या तोंडी देल्ली!"

"अन् तू? वाट झाडली अर्धी, अन् बसली तिकडं डोंगर मोजत! एक फांदी आधी टाकली असती त तुहे हात झिजले असते का?"

आनंदाबाई हातात राखेचा चोथा घेऊनच बाहेर आली. "मले वाटलं होतं का काय, नालवाडीची जत्रा येईन म्हणून? अन् ते मोठ्या बाई! बसूनच टेकडी उतरली! खालून अर्धी वाट त तिनंच झाडून देल्ली, मले दुसरं अंग झाडाले ठेवलंच नाई!"

खाटेवरून एक विचित्र आवाज आला. वच्छलाबाई दचकून उठली, तिला वाटलं, धाप लागली. वाकून बघते तर सपनाचं पोट हलत होतं.

"हसवू नका," सपना म्हणाली, गालावर हात धरून. "ओठ दुखतात न! काकू, पुन्हा सांगा, माधवीताई कशा उतरल्या?"

आनंदाबाईनं पडवीत उतरून दाखवलं, चोथ्यासकट. सपना हसत होती, कण्हत होती आणि चाचपडत सासूचा पदर धरून आपलं तोंड त्यात लपवत होती.

वच्छलाबाई स्टुलावर बसली. सकाळपासून हलणारा पाय जमिनीवर टेकला आणि तिथंच राहिला.

"चहा ठेव वं आता," ती जावेला म्हणाली. "मेथीच्या देठाशिवाय दिवसभर खायचं काही पाह्यलं नाई मी. अन् साखर घालजो बराबर, मागच्या खेपेले पानी पाजलं होतं."